रिन्सोने धुतलेला चोर

माझा जन्म चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यासाठीच झाला असावा. बँकेत बावीस वर्षं मी दुसरं फारसं काही केलेलं नाही. सवय इतकी की, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरची माझी स्वतःची सही मला एकदा खोटी वाटली. (ती होतीही खोटी. पण ते प्रकरण निराळं.)

तेव्हा खोटे चेक देऊन तुरुंगात गेलेल्या एका माणसाने अमेरिकेला तिचा एक लाडका नायक दिला, हे वाचल्यावर मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. गृहस्थाचं नाव जॅक बॉइल. सान फ्रान्सिस्कोकडचा वार्ताहर. अफूचं व्यसन लागलं, मग खोटे चेक, मग दरोडा आणि तुरुंग. तिथं त्याच्या डोक्यातून बोस्टन ब्लॅकी नावाचा तिजोरीफोड्या जन्मला. १९१४ साली 'अमेरिकन मॅगझिन'मध्ये त्याच्या गोष्टी येऊ लागल्या, तेव्हा लेखकाचं नाव छापलं होतं 'नंबर ६६०६'. एखाद्या कैद्याचा असावा तसा क्रमांक! आमच्याकडे लेखक टोपणनाव घेतात ते कुलशील झाकायला. याने तुरुंगाचा बिल्लाच छातीवर लावला.

बॉइलचा ब्लॅकी साधासुधा सुधारलेला माणूस नव्हता. तो चोरच होता, फक्त तत्त्वाचा. त्याला खरा सुधारला तो सिनेमाने. १९४१ ते १९४९ या काळात कोलंबिया कंपनीने त्याचे चौदा चित्रपट काढले. काम करायचा चेस्टर मॉरिस. चोरी सोडलेला ब्लॅकी आता चोरच पकडू लागला. बॉइल मात्र १९२८ सालीच वारला होता. आपला चोर एवढा सज्जन झालेला त्याला पाहायला मिळाला नाही.

१९४४च्या जूनमध्ये ब्लॅकी रेडिओवर आला, तोही 'एमॉस अँड अँडी' हा लोकप्रिय कार्यक्रम उन्हाळ्यात बंद असतो म्हणून. आमच्या भाषेत, लीव्ह व्हेकन्सीवर. खर्च करणारी कंपनी रिन्सो साबणाची! कपड्यांचे डाग जातात हे त्यांनी आधीच सिद्ध केलं होतं. आता माणसाची पाळी. पुढच्या वर्षी लीव्ह व्हेकन्सीतला हा उमेदवार कायम झाला. रिचर्ड कोलमार ब्लॅकी झाला, आणि झिव कंपनी नाटकं ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या केंद्रांना विकू लागली. १९५० पर्यंत दोनशेहून अधिक भाग झाले. ब्लॅकीच्या मैत्रिणीचं, मेरीचं काम करणारी जॅन मायनर पुढे भांडी धुण्याच्या साबणाच्या जाहिरातींत कित्येक वर्षं दिसत राहिली. साबणाने या मंडळींची पाठ सोडलीच नाही.

यातले बरेच भाग हल्ली फुकट ऐकायला मिळतात. फुकट म्हटल्यावर कॉमर्सचा पदवीधर थांबत नाही. मी रात्री कानाला इयरफोन लावून ऐकू लागलो, आणि चौथ्या-पाचव्या भागात अस्वस्थ झालो.

कारण इन्स्पेक्टर फॅरडे. शहरात खून झाला की याचा पहिला संशय ब्लॅकीवर. मग बिचाऱ्या ब्लॅकीने धावपळ करून अर्ध्या तासात खरा खुनी हजर करायचा, तेव्हा कुठे सुटका. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! फॅरडेने एकदा जरी 'हा माणूस सुधारलाय' असं मनाशी धरलं असतं, तर मालिका पाचव्या मिनिटाला आटोपली असती. दोनशे भाग चालले ते ब्लॅकीच्या हुशारीवर नव्हे, फॅरडेच्या स्मरणशक्तीवर.

हे स्मरण कुणाचं, ते मला ओळखीचं वाटलं.

आमच्या शाखेतल्या शिपायाने अकरा वर्षांपूर्वी चहाच्या वर्गणीतले पन्नास रुपये उचलले होते. बायको आजारी होती. आठ दिवसांनी त्याने स्वतः येऊन सांगितलं, पैसे भरले. प्रकरण मिटलं. म्हणजे वहीत मिटलं. तेव्हापासून पेन हरवो, स्टेपलर हरवो, आमच्या माना आपोआप दाराशी बसलेल्या त्याच्याकडे वळतात. परवा तारखेचा शिक्का सापडेना. माझी मान वळली. तो उठला, माझ्या टेबलाशी आला आणि माझ्याच पासबुकांच्या ढिगाखालून शिक्का काढून म्हणाला, "हा घ्या, साहेब." आवाजात राग नव्हता. ब्लॅकीसुद्धा फॅरडेशी असाच बोलतो, थट्टेच्या सुरात. पण ब्लॅकीला त्याबद्दल मानधन होतं.

दुसऱ्या दिवशी मी चहाची वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे दिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्याने पैसे आणून टेबलावर ठेवले आणि समोर उभा राहिला.

मी ते मोजले. बरोबर होते.

मग तो गेल्यावर पुन्हा एकदा मोजले. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय!