फिल्म स्वस्त कशी होते? लखनौच्या काचेपासून शंभर फुटी डब्यापर्यंत

फोटोची फिल्म दोन प्रकारे विकत घेता येते. पहिला प्रकार तयार रोलचा: कॅमेऱ्यात घालायचा, 36 फोटो काढायचे आणि धुवायला द्यायचा. दुसरा प्रकार 100 फुटी डब्याचा: त्यातली फिल्म अंधारात कापून रिकाम्या कॅसेटमध्ये भरायची आणि शक्यतो स्वतःच धुवायची. दुसरा प्रकार फोटोमागे स्वस्त पडतो, म्हणून हौशी मंडळी आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार तो वापरत आले. या पाठात आपण एकच प्रश्न घेणार आहोत: ही बचत येते कुठून?

आधी हिशेब करू. 35 मिलिमीटर फिल्मच्या दोन छिद्रांमधले अंतर सुमारे 4.75 मिमी असते. एका फोटोला 8 छिद्रांची लांबी, म्हणजे 38 मिमी लागते. 36 फोटोंना 1,368 मिमी. सुरुवातीचा आणि शेवटचा वाया जाणारा तुकडा धरला, तर एका रोलला साधारण 1.6 मीटर फिल्म लागते. 100 फूट म्हणजे 30.48 मीटर; त्यातून 18 ते 19 रोल निघतात. तेवढेच तयार रोल घेतले, तर तुम्ही फिल्मशिवाय 19 कॅसेटी, 19 खोकी, कापणी, भरणी आणि दुकानदाराचा नफा यांचेही पैसे देता. डबा घेतलात की कापणी आणि भरणी तुमच्याकडे येते. मात्र हे काम नवे नाही. एकेकाळी फोटोग्राफीत दुसरे काही नव्हतेच.

लखनौ, 1874

दरोगा अब्बास अली हे लखनौ नगरपालिकेत काम केलेले अभियंता आणि छायाचित्रकार. त्यांचा ‘द लखनौ अल्बम’ 1874 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरातल्या इमारतींची 50 छायाचित्रे आणि एक नकाशा आहे. अल्बम पाहताना त्या काळचे तंत्रही डोळ्यांसमोर आणा. तेव्हा कोलोडियनच्या ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियनचा थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्याआधी धुवायची. हाताशी काही मिनिटेच असत. लखनौच्या उन्हाळ्यात थर आणखी लवकर सुकणार हे उघड आहे. इमारतीसमोर फोटो काढायचा, तर अंधारी राहुटी, रसायने आणि पाणी तिथेच हवे.

अशा कामात ‘फिल्म विकत घेणे’ आणि ‘धुवायला देणे’ या वेगळ्या गोष्टीच नव्हत्या. दुकानातून काच आणि रसायने येत. प्रकाशाला संवेदनशील पृष्ठभाग छायाचित्रकार आणि त्याचे मदतनीस जागेवरच तयार करत.

काम वेगळे झाले

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली. अशा काचा कारखान्यात तयार करून साठवता येऊ लागल्या. 1888 मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचा कोडॅक कॅमेरा 100 फोटोंचा रोल भरूनच मिळे. किंमत 25 डॉलर. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा; 10 डॉलरमध्ये फोटो तयार होऊन येत आणि कॅमेरा पुन्हा भरून मिळे. ग्राहकाची दगदग संपली, पण काम कारखान्यात गेले आणि त्याची किंमत बिलात आली.

दादर, 1912

आता महाराष्ट्रात येऊ. दादासाहेब फाळके 1912 मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. त्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली. छिद्रे पाडण्याचे यंत्र कशाला? कारण तेव्हा कच्ची फिल्म बिनछिद्रांचीही मिळे. छिद्रे पाडण्याचे काम घेणाऱ्याकडे असे.

दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. अंधारात फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे, आणि त्याबरोबर चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्याची लांबी सुमारे 3,700 फूट होती. सिनेमाच्या फिल्मवर फुटाला 16 चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एका बाजूस 4 छिद्रे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून फुटाला 128 छिद्रे. 3,700 फुटांना होतात 4,73,600. हा फक्त एका प्रतीचा आकडा. निगेटिव्हही तेवढीच धरली, तर तो 9 लाखांच्या पुढे जातो. एका झटक्यात यंत्र कितीही छिद्रे पाडो, फिल्म अंधारात सरळ पुढे सरकवणारे हात माणसाचे होते.

या कामाची मजुरी कोणत्याही बिलात दिसत नाही. फाळके यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव मात्र अनेकांना आजही ठाऊक नाही. ‘कमी खर्चात चित्रपट झाला’ हे वाक्य वाचाल, तेव्हा खर्च कमी कुणाच्या श्रमामुळे झाला हेही विचारा.

सिनेमाची फिल्म साध्या कॅमेऱ्यात

35 मिमी फिल्म मुळात सिनेमाची. ऑस्कर बर्नाक यांनी ती साध्या फोटोंसाठी वापरली आणि 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. सुरुवातीला वापरणाऱ्याला लांब फिल्ममधून तुकडा कापून अंधारात कॅसेट भरावी लागे. आज सर्वत्र दिसणारी तयार कॅसेट कोडॅकने 1934 मध्ये आणली. म्हणजे डब्यातून रोल भरणे ही नंतर काढलेली काटकसरीची युक्ती नाही. ती मूळ पद्धत आहे. तयार रोल ही नंतरची सोय.

भारतात कच्ची फिल्म बाहेरून येई. दुसऱ्या महायुद्धात तिचे वाटप परवान्याने होऊ लागले. पुढे 1960 मध्ये उटी इथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1967 मध्ये उत्पादन सुरू झाले. तिची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म देशभर पोचली. तोट्यात जाऊन हा कारखाना बंद पडला, आणि फिल्म वापरणारा भारतीय पुन्हा आयातीवर आला.

धुण्याचा हिशेब

डबा घेतला आणि प्रत्येक रोल बाहेर धुवायला दिला, तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. म्हणून घरी धुणे हा याच हिशेबाचा दुसरा अर्धा भाग. कोडॅकने 1927 मध्ये आणलेल्या डी-76 डेव्हलपरची कृती आज जगजाहीर आहे. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम. नंतर फिल्म हायपोत स्थिर करायची आणि भरपूर पाण्याने धुवायची.

अडचण तापमानाची. पुस्तकातले वेळ 20 अंशांसाठी दिलेले असतात. लखनौ किंवा नागपूरला मे महिन्यात नळाचे पाणीच तिशीपार असते. गरम द्रावणात फिल्म फार लवकर काळी पडते, कुठे जास्त कुठे कमी, आणि जिलेटिनही मऊ होते. उपाय साधा आहे: द्रावणाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा आणि थर्मामीटर बघून काम करा. मेटॉलने काहींना त्वचेची ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे घाला. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नका, साठवून योग्य ठिकाणी द्या.

डबा सगळ्यांनाच परवडेल असे नाही. वर्षाला दोन-तीन रोल काढणाऱ्याकडे फिल्म जुनी होऊन खराब होईल. उजेडात रोल भरण्याच्या पेटीत फिल्मचे जे टोक आपण चिकटवतो त्यावर उजेड पडतो, म्हणून प्रत्येक रोलचा शेवटचा फोटो हातचा जातो, हेही धरा. चार-पाच जणांनी मिळून डबा घेतला, तर हिशेब बसतो.

अभ्यासासाठी

तुमच्या घरातला एक जुना कृष्णधवल फोटो घ्या. तो कोणी काढला हे बहुधा घरात सांगता येईल. मग पुढचे प्रश्न विचारा: फिल्म कोणी भरली, कुठे धुतली, छाप कोणी काढली, आणि त्यातल्या कोणाला पैसे मिळाले? फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल, तर तिथून सुरुवात करा. शिक्का नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जी उत्तरे मिळतील ती तारखेसह लिहून ठेवा.