पिंजऱ्यात न जगणारा इंद्री

आफ्रिकेच्या आग्नेयेस हिंदी महासागरात असलेले मादागास्कर बेट ही लेमूर या प्राण्यांची जन्मभूमी. माकडांच्या या दूरच्या नातलगांमध्ये इंद्री हा आकाराने सर्वांत मोठा मानला जातो. बेटाच्या पूर्वेकडील पर्जन्यवनांखेरीज तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

काळ्यापांढऱ्या दाट केसांचा आणि अगदी आखूड शेपटीचा इंद्री ६ ते साडेनऊ किलो वजनाचा असतो. कोवळी पाने हे त्याचे मुख्य अन्न. लांब, बळकट मागच्या पायांच्या जोरावर तो एका खोडावरून दुसऱ्या खोडावर उभ्यानेच झेप घेतो. नर, मादी व पिले अशा छोट्या कुटुंबात मादीचे वर्चस्व असते. सकाळच्या वेळी एकाने सूर लावताच इतर साथ धरतात आणि हे सामूहिक गायन दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर ऐकू जाते. त्यातून कुटुंबाच्या हद्दीची जाणीव शेजाऱ्यांना मिळते. या गायनात मानवी संगीतासारखी लय असल्याचे संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले.

मादी साधारण दोन ते तीन वर्षांनी एकच पिलू देते. त्यामुळे घटलेली संख्या भरून निघण्यास दीर्घ काळ लागतो. त्यातच, प्राणिसंग्रहालयात इंद्री फार काळ जगू शकलेला नाही. अन्य काही लेमूरांचे पिंजऱ्यात प्रजनन होते. इंद्रीच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. जंगल गेले, तर इंद्रीही जाणार.

भातशेतीसाठी जंगल जाळणे, लाकूडतोड व शिकार ही संकटाची प्रमुख कारणे आहेत. इंद्रीला स्थानिक लोक 'बाबाकोतो' म्हणतात व पूर्वज मानतात. त्याला मारणे अनेक गावांत निषिद्ध समजले जाई. मात्र ही बंधने आता सैल होत आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने इंद्रीचा समावेश 'अतिसंकटग्रस्त' गटात केला आहे. संघाच्या २०२० मधील माहितीनुसार लेमूरांच्या १०७ प्रजातींपैकी १०३ प्रजाती धोक्यात आहेत.

अंदासिबे-मंताडिया राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात 'मित्सिंजो' ही स्थानिक संस्था देशी वृक्षांची लागवड करीत आहे. इंद्री पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांमुळे तेथील तरुणांना वाटाड्याचे काम मिळते. जंगल राखण्यात गावाचाही लाभ आहे, हे पटल्यासच इंद्रीचे सूर पुढील पिढ्यांच्या कानी पडतील.