नाव मेंदूचं, सिग्नल हृदयाचा

आजची गोष्ट चुकीच्या नावांची आहे.

पहिलं नाव स्क्लेरोडर्मा. ग्रीकमध्ये स्क्लेरोस म्हणजे कडक, डर्मा म्हणजे कातडी. आजारात बोटांची कातडी ताठ होते, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. नावातच कातडी, मग हृदयाकडे बघणार कोण? 1943 मध्ये बोस्टनच्या सोमा वाइस आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांचं म्हणणं, या पेशंट्सच्या हृदयाच्या स्नायूतही व्रणासारखे तंतू साचतात, आणि तेही नेहमीच्या ब्लॉकेजशिवाय. (पेपर छापून आला तेव्हा वाइस हयात नव्हते, 1942 मध्येच गेले.) पण खरा पुरावा मिळायचा शवविच्छेदनात. म्हणजे सर्व्हर क्रॅश झाल्यावर लॉग वाचण्यासारखं. जिवंत माणसात हे पकडायचं कसं?

1988 मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक पेप्टाइड सापडलं. नाव ठेवलं ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बीएनपी. नंतर कळलं की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतं, भिंतीवर ताण आला की. नाव तसंच राहिलं; प्रॉडक्शनमध्ये गेलेलं व्हेरिएबलचं नाव कोण बदलतो! त्याचाच जोडीचा तुकडा एनटी-प्रोबीएनपी आज रिपोर्टवर दिसतो. गोची अशी, की स्क्लेरोडर्मात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढलं तरी हा आकडा चढतो, किडनी कमजोर असली तरी चढतो. म्हणून 2014 च्या डिटेक्ट अभ्यासात तो फुफ्फुसाचं प्रेशर हुडकायच्या यादीत आहे, तेही इतर तपासण्यांसोबत. अलर्ट खरा, पण कुठल्या मॉड्यूलचा ते सांगत नाही.

मग ट्रोपोनिन. 1989 मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या टीमने ट्रोपोनिन टी मोजायची टेस्ट मांडली. हार्ट अटॅकसाठी जबरदस्त. पण स्क्लेरोडर्मा कधीकधी हातापायांच्या स्नायूंनाही सूज आणतो, आणि तेव्हा टी तिथूनही वाढू शकतो. जुन्या सीके-एमबीचंही हेच दुखणं होतं.

विचार करा: जिना चढताना धाप लागणारी एक बाई, आणि रिपोर्टमध्ये टी वाढलेला. हृदय की मांड्या? उत्तरावर पुढची ट्रीटमेंट ठरते. म्हणून सोबत ट्रोपोनिन आय बघतात, तो हृदयाशी जास्त इमानदार आहे. टी वर आणि आय नॉर्मल, तर संशय आधी स्नायूंवर जातो. दोन्ही वर, तर ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय. वाइसना जे तंतू शवविच्छेदनात दिसले, ते आता एमआरआयमध्ये पेशंट जिवंत असतानाच दिसू शकतात.