मांजर, टकळी आणि लोकरीचा गुंडा

लोकरीचा गुंडा आणि मांजर ही जोडी आता इतकी रुळली आहे की शुभेच्छापत्रांवर, उशांच्या अभ्र्यांवर, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत एक दिसलं की दुसरं असायचंच. हिचं कूळ शोधत मागे गेलं की कळतं, मांजर आधी आलं ते सूतकताईपाशी. दोन सुया, गुंडा आणि घरातली आरामखुर्ची ही नंतरची गोष्ट.

आपल्या घरमांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. माणसानं धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे ते आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून सोबत नेलं होतं. इजिप्तमध्ये तर त्याला घरच्या माणसाचा मान होता. तिथे मांजर मेलं की घरातली माणसं भुवया उतरवतात, असं हेरोडोटसनं इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं. पुढे जहाजांवरच्या मालाची राखण करत मांजर भूमध्य समुद्रापार पोचलं.

विणकामाचा जुना मागोवाही याच इजिप्तपर्यंत जातो. ऑक्सिऱ्हिंकस इथल्या उत्खननात मिळालेला लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो तिसऱ्या ते पाचव्या शतकांमधला. सपाता घालता याव्यात म्हणून त्यात अंगठ्याला वेगळी जागा ठेवली आहे. मात्र हे काम एकाच सुईचं: धाग्याचे आखूड तुकडे घेऊन एकेक फास ओवत जायचं. दोन वा अधिक सुयांवर अखंड धाग्यानं विणलेले सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमधलेच, पण कित्येक शतकांनंतरचे. निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे ते तुकडे आहेत. तिथून ही कला स्पेनला गेली असं मानतात. 1275 मध्ये वारलेल्या एका कास्तिलियन राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या उशा निघाल्या. त्यांची वीण इतकी बारीक की एका इंचात वीसेक टाके बसतात.

मांजर आणि धागा एकत्र दिसतात ते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, लीज परिसरात तयार झालेल्या एका छोट्या प्रार्थनापोथीत. ब्रिटिश लायब्ररीतली ही पोथी ‘मास्त्रिख्त अवर्स’ म्हणून ओळखली जाते. तिच्या एका पानाच्या समासात एक जोगीण सूत काततेय आणि मांजर तिच्या टकळीशी खेळतंय. चित्रकारानं हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. टकळी जमिनीपासून वीतभर उंचीवर गरगरते, थांबते, पुन्हा हिसका घेते. उंदीरही जवळजवळ त्याच चालीनं धावतो. मांजराला ती भक्ष्यच वाटते. मान खाली, मागचा भाग हलता आणि मग झेप, हा सगळा क्रम शिकारीचा आहे.

मग टकळीची जागा गुंड्यानं कधी घेतली? मध्ययुगानंतरच्या युरोपात विणकाम हा बराच काळ धंदा होता. शहरांत पुरुष कारागिरांचे संघ होते, उमेदवारी होती, कसोटीचं काम करून दाखवावं लागे. खेड्यांत बायका-मुलं पोटासाठी मोजे विणत. 1589 मध्ये विल्यम ली या इंग्रजानं मोजे विणायचं यंत्र केलं आणि पुढे यंत्रं वाढत गेली तसा हातविणीचा बाजार हळूहळू ओसरला. मग एकोणिसाव्या शतकात विणकाम मध्यमवर्गीय घरात हौस म्हणून शिरलं. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांनी 1840 मध्ये स्त्रियांसाठी विणकामाच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, आणि तशी पुस्तकं पुढे पुष्कळ निघाली. ऊबदार खोली, टोपलीत रंगीत गुंडे आणि दुपारचा निवांतपणा, मांजराला हवं ते सगळं तिथे होतं. त्याच शतकात हेन्रिएटा रोनर-क्निप या डच चित्रकर्तीनं अशा घरांतल्या खोडकर पिल्लांची चित्रं काढून मोठं नाव मिळवलं.

सुयांवरचं विणकाम आपल्याकडे आलं ते युरोपीय लोकांबरोबर. मिशनच्या मुलींच्या शाळांत ते शिकवलं जाई. मराठी घरांनी ते पुरतं आपलंसं केलं. सुलट-उलट टाके, क्रोशाचे खांब नि साखळ्या, लडीचा गुंडा करायला समोरच्याचे दोन हात, आणि बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे, स्वेटर. शेजारी मांजर असेल तर गुंडा पलंगाखाली जाणार हेही ठरलेलंच.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. चित्रात गोड दिसणारा हा खेळ मांजराच्या जिवावर बेतू शकतो. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक कठीण काटे असतात. हाडावरचं मांस खरवडायला आणि अंग विंचरायला ते उपयोगी, पण तोंडात गेलेला धागा त्यांच्यामुळे बाहेर टाकता येत नाही, तो आतच सरकतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं, तर नाडा ओढल्यावर चुण्या पडाव्यात तशी आतडी त्या धाग्यावर गोळा होतात आणि फाटूही शकतात. धागा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तडक पशुवैद्याकडे जायचं.

म्हणून ही सोबत जपायची तर विणून झालं की गुंडा आणि सुया झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. विणताना धागा डब्याच्या भोकातून ओढून घ्यावा. कापलेली टोकं लगेच उचलावीत. उरलेल्या लोकरीचा घट्ट, टोकं आत दडवलेला चेंडू विणून मांजराला द्यावा, आणि तो उसवू लागला की काढून घ्यावा. टकळीमागे धावलेल्या त्या मांजराच्या वंशजाला शिकार तर हवीच. ती सुरक्षित करून देणं विणणाऱ्या हातांना सहज जमण्यासारखं आहे.