पायथॉनची चार स्थलांतरे आणि मागे राहिलेले पत्ते

विज्ञानाच्या शोधनिबंधांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वाक्य वारंवार दिसू लागले आहे : या आकडेमोडीसाठी वापरलेली आज्ञावली पुढील पत्त्यावर उपलब्ध आहे. त्यापुढे इंटरनेटवरचा एक पत्ता असतो. वरवर पाहता हे आभारप्रदर्शनासारखे औपचारिक वाक्य वाटते. पण एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला करून पाहता आला पाहिजे ही विज्ञानाची जुनी अट आहे, आणि आज पुष्कळ प्रयोगांचा अर्धा भाग आज्ञावलीतच दडलेला असतो. तो पत्ता उघडला नाही तर निबंधातला निष्कर्ष केवळ विश्वासावर घ्यावा लागतो. विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक या विषयांतील लक्षावधी निबंध तपासून २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दर पाच निबंधांपैकी एकातले दुवे एक तर उघडत नव्हते किंवा तिथला मजकूर बदललेला होता.

पत्ते असे का मरतात? पुष्कळदा ती वस्तू नष्ट झालेली नसते, तिने फक्त घर बदललेले असते. ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा खुल्या स्रोताच्या प्रकल्पांत ही घरबदल नित्याची आहे. असा प्रकल्प आपली आज्ञावली जिथे ठेवतो त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. ती नुसती फायलींची कोठी नव्हे. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली याची पहिल्या दिवसापासूनची रोजनिशी तिच्यात असते, आणि प्रत्येक बदलाला एक क्रमांक असतो. शिक्षकांना शाळेतले जनरल रजिस्टर चटकन आठवेल. रजिस्टर कार्यालयातल्या कपाटात असते, पण त्यातले क्रमांक हजारो माजी विद्यार्थ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर, म्हणजे शाळेच्या हाताबाहेर, पसरलेले असतात. उद्या शाळेने नवे रजिस्टर करून सगळ्यांना नवे क्रमांक दिले, तर कपाटातली व्यवस्था सुधारेल, पण दाखल्यांचे काय?

या प्रश्नाचा इतिहास पाहायला पायथॉन या संगणकभाषेसारखे दुसरे उदाहरण नाही. आज शाळा-महाविद्यालयांतही शिकवली जाणारी ही भाषा गिदो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संस्थेत लिहायला घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एक प्रस्ताव मांडला होता. त्यातूनच पुढे आपण ज्याला वेब म्हणतो ते जाळे विणले गेले. म्हणजे दोघांचे वय जवळपास एकच.

बर्नर्स-ली यांच्या रचनेतला एक निर्णय इथे महत्त्वाचा आहे. दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची कल्पना नवी नव्हती. टेड नेल्सन हे अमेरिकेत १९६० पासून झॅनडू नावाच्या प्रकल्पात तिच्यामागे लागले होते. पण नेल्सन यांना हवा असलेला दुवा दोन्ही टोकांना ठाऊक असणारा, न तुटणारा होता. बर्नर्स-ली यांनी दुवा एकतर्फी ठेवला. मी तुमच्या पानाकडे बोट दाखवावे, तुम्हाला विचारायची गरज नाही, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. या साधेपणामुळेच वेब जगभर पसरले. झॅनडू मात्र त्या अर्थाने कधीच उभे राहिले नाही. साधेपणाची किंमत अशी की पान हलले तर कोणाकोणाला कळवायचे हे पानाच्या मालकालाही ठाऊक नसते. म्हणून संगणकांच्या संभाषणात काही ठरीव उत्तरे घालण्यात आली. ४०४ म्हणजे ‘सापडत नाही’, हे बहुतेकांना माहीत असते. ३०१ हे त्याहून उपयोगी उत्तर फारसे कोणाच्या नजरेस पडत नाही. त्याचा अर्थ ‘कायमचे स्थलांतर झाले आहे, नवा पत्ता हा’. पोस्टमन जसा जुन्या पत्त्यावर आलेले पत्र न बोलता नव्या घरी टाकतो, तसेच हे. पण त्यासाठी जुन्या पत्त्यावर कोणीतरी उत्तर द्यायला बसलेले असावे लागते.

१९९८ साली बर्नर्स-ली यांनी या विषयावर एक छोटा लेख लिहिला. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, असा त्याचा रोख होता. त्यातला सल्ला अगदी व्यवहारी आहे. जे उद्या बदलणार ते पत्त्यात घालू नका. लेखकाचे नाव नको, ‘ताजे’, ‘मसुदा’ असे शब्द नकोत, आणि पान ज्या यंत्रणेवर चालते तिचे नाव तर नकोच.

आता पायथॉनकडे वळू. फेब्रुवारी १९९१ मध्ये ही भाषा पहिल्यांदा जगासमोर आली तेव्हा तिला घरच नव्हते. इंटरनेटवरच्या एका चर्चागटात तिची आज्ञावली एकवीस तुकड्यांत टाकली गेली आणि ज्याला हवी त्याने ते तुकडे जोडून घेतले. पुढे लेखक अमेरिकेत गेले, सीव्हीएस नावाच्या पद्धतीने रोजनिशी ठेवली जाऊ लागली, आणि २००० साली हे बिऱ्हाड सोर्सफोर्ज या संस्थेच्या संगणकांवर गेले. नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज हे खुल्या प्रकल्पांना फुकट जागा देणारे पहिले मोठे वसतिगृह म्हणता येईल. ऑक्टोबर २००५ मध्ये पायथॉनने सीव्हीएस सोडून सबव्हर्जन ही पद्धत स्वीकारली आणि रिपॉझिटरी स्वतःच्या नावाखाली आणली. पत्ता होता ‘एसव्हीएन डॉट पायथॉन डॉट ऑर्ग’. मार्च २०११ मध्ये सबव्हर्जन जाऊन मर्क्युरियल आले. पत्ता झाला ‘एचजी डॉट पायथॉन डॉट ऑर्ग’. (एचजी ही पाऱ्याची रासायनिक संज्ञा. हा विनोद रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडावा.) १० फेब्रुवारी २०१७ रोजी चौथे स्थलांतर झाले. या वेळी पद्धत गिट आणि जागा गिटहबची.

दोन पत्त्यांची सुरुवातीची अक्षरे वाचकांच्या लक्षात आली असतील. एसव्हीएन हे सबव्हर्जनचे लघुरूप, एचजी हे मर्क्युरियलचे. ज्या यंत्रणेचे नाव पत्त्यात घालू नये तेच घातले गेले, आणि यंत्रणा बदलताच पत्ता शिळा झाला. बर्नर्स-ली यांचा लेख तेव्हा बराच जुना होता. मला वाटते, असा सल्ला वाचून पटतो, पण नवे साधन हाती येते तेव्हा ते कायमचेच वाटते.

पण पत्ता हा अडचणीचा सोपा भाग झाला. अवघड भाग क्रमांकांचा. सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाइलचा क्रमांक वेगळा असे, १.१, १.२, १.३ असा. सबव्हर्जनमध्ये सगळ्या रिपॉझिटरीला मिळून एकच चढता क्रमांक आला, ग्रंथालयातल्या दाखलअंकासारखा. मर्क्युरियल आणि गिट या दोन्ही पद्धती एप्रिल २००५ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने जन्मल्या. लिनक्सच्या लेखकांना मिळणारी बिटकीपर या प्रणालीची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली, हे दोन्हींचे निमित्त. या पद्धतींत क्रमांक कोणी देतच नाही. नोंदीतला सगळा मजकूर आणि तिच्या आधीच्या नोंदीची ओळख यांवर शा-१ नावाचे एक गणिती सूत्र चालवले की ४० अंकांची एक खूण निघते, आणि तीच त्या नोंदीची ओळख. हे अंक सोळाच्या पायातले असतात, तेव्हा शक्य खुणांची संख्या १६ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १.५ गुणिले १० चा ४८ वा घात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पूर्ण बदलते.

ग्रंथालयशास्त्रात असे वळण एकदा येऊन गेले आहे. पूर्वी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याची जागा असे : तिसरे कपाट, दुसरा कप्पा, सातवे पुस्तक. कपाटे हलली की यादी पुन्हा लिहायची. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत क्रमांक पुस्तकाच्या विषयाला मिळाला, जागेला नव्हे. मग इमारत बदलली तरी क्रमांक तसाच राहू लागला. गिटची खूण त्याच जातीची. ती नोंद ॲमस्टरडॅमच्या संगणकावर असो की नागपूरच्या, खूण एकच.

मग पायथॉनला २०११ आणि २०१७ मध्ये त्रास का व्हावा? कारण खूण जागेवर अवलंबून नसली तरी सूत्रावर आणि नोंदीच्या मांडणीवर अवलंबून असते. तोच बदल मर्क्युरियल एका तऱ्हेने मांडते, गिट दुसऱ्या, त्यामुळे एकाच बदलाच्या दोन्हीकडच्या खुणा वेगळ्या. जुन्या चर्चांमधून आणि दोषांच्या नोंदींमधून ‘आर’ अक्षर आणि पुढे सबव्हर्जनचा क्रमांक अशा खुणा सर्वत्र पसरलेल्या होत्या. त्या कोण दुरुस्त करणार? पायथॉनच्या स्वयंसेवकांनी त्या दुरुस्त केल्या नाहीत. त्यांनी एक कोष्टक केले : सबव्हर्जनचा अमुक क्रमांक म्हणजे मर्क्युरियलची अमुक खूण. आणि ते कोष्टक एका ठरलेल्या पत्त्यावर बसवले. जुना क्रमांक घेऊन आलेल्याला ते नव्या जागी पोचवी. मला हे काम स्थलांतराइतकेच मोलाचे वाटते. नवी यंत्रणा आणणाऱ्यांची नावे सर्वांना माहीत असतात. कोष्टक सांभाळणाऱ्यांची नावे कोणी विचारत नाही. (लिनक्सने वेगळा मार्ग धरला. १६ एप्रिल २००५ रोजी गिटमध्ये पहिली नोंद केली आणि आधीची रोजनिशी तिच्यात आणलीच नाही.)

एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. पायथॉन गिटहबवर गेल्यानंतर तेरा दिवसांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, शा-१ या सूत्राने दोन वेगळ्या फायलींना एकच खूण दिल्याचे पहिले प्रत्यक्ष उदाहरण जाहीर झाले. ते काम गुगलच्या आणि पायथॉनचे जन्मस्थान असलेल्या सीडब्ल्यूआयच्या संशोधकांनी मिळून केले होते. नेहमीच्या वापरात अशी टक्कर आपोआप होण्याची भीती नाही, ती मुद्दाम घडवून आणावी लागते. तरी सूत्रही अजरामर नसते एवढे त्यावरून दिसले.

आतापर्यंतचे दुवे वाचण्यासाठी होते. दुवा तुटला तर वाचकाची गैरसोय होई, आज्ञावली मात्र चालत राही. २००९ साली गुगलने जाहीर केलेल्या गो या भाषेत तसे नाही. तिथे दुसऱ्याची आज्ञावली वापरायची तर तिचा इंटरनेटवरचा पत्ताच आपल्या आज्ञावलीत लिहायचा असतो. गोची स्वतःची पूरक आज्ञावली गुगल कोड या जागी होती, आणि त्या जागेचे नाव असलेला पत्ता जगभरच्या आज्ञावलींत लिहिला गेला होता. २०१४ च्या अखेरीस गोने ती जागा सोडली. नवा पत्ता ‘गोलँग डॉट ऑर्ग’ या स्वतःच्या नावाने सुरू होणारा ठेवला. लोकांना आपापल्या आज्ञावलींतल्या त्या ओळी बदलाव्या लागल्या, पण पुन्हा जागा बदलली तर पुन्हा बदलाव्या लागू नयेत, अशी ती रचना होती.

हे शहाणपण वेळेवर सुचले. मार्च २०१५ मध्ये गुगल कोड बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले. तिथल्या प्रकल्पांचा मजकूर पाहण्यापुरता जपून ठेवला गेला, हे चांगले झाले. २०२० साली बिटबकेट या जागेने मर्क्युरियलच्या रिपॉझिटऱ्या काढून टाकल्या. त्यांपैकी अडीच लाखांच्या आसपास फ्रान्समधील सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाने आधीच उतरवून घेतल्या होत्या. इन्रिया या फ्रेंच संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने २०१६ साली सुरू झालेला हा संग्रह प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेली खूण देतो. शोधनिबंधात पत्त्याऐवजी ही खूण लिहावी, असा त्यांचा आग्रह असतो. सर्ननेही २०१३ पासून झेनोडो नावाचे भांडार चालवले आहे. तिथे ठेवलेल्या आज्ञावलीला निबंधाप्रमाणे कायमचा क्रमांक मिळतो. अर्थात तो क्रमांक कुठे घेऊन जातो हे कोणीतरी नोंदवहीत सतत अद्ययावत ठेवावेच लागते. कष्ट वाचत नाहीत. हजार ठिकाणी पसरलेले कष्ट एका ठिकाणी येतात, इतकेच.

पायथॉनमध्ये आणखी एक वस्तू हलायची राहिली होती : दोषांची नोंदवही. कोणती चूक कोणाला दिसली आणि ती कशी सुधारली याची ही वही प्रथम सोर्सफोर्जवर होती. २००७ साली ती पायथॉनच्या स्वतःच्या संगणकावर आली तेव्हा जुने क्रमांक जसेच्या तसे ठेवता आले. एप्रिल २०२२ मध्ये ती गिटहबवर गेली तेव्हा ते शक्य नव्हते, कारण गिटहब स्वतःच्या क्रमाने क्रमांक देते आणि त्या क्रमात सुचवलेले बदल व दोष एकत्र मोजले जातात. म्हणून प्रत्येक दोषाच्या नव्या पानावर त्याचा जुना क्रमांक लिहिला गेला आणि जुन्या पानावर नव्याकडे जाणारा दुवा. रोजनिशीतल्या जुन्या नोंदींत मात्र जुनेच क्रमांक आहेत. त्यांतला एक जरी बदलला असता, तरी त्या नोंदीची खूण बदलली असती, तिच्यापुढच्या नोंदीची बदलली असती, आणि तिथून आजच्या नोंदीपर्यंत प्रत्येकीची.