सात वर्षांच्या आधीचे मूल : सेवाग्रामने विचारलेला प्रश्न

१/ ‘वर्धा शिक्षण योजना’ म्हटले की तकली, चरखा आणि सात ते चौदा वर्षांची मुले डोळ्यांसमोर येतात. याच वर्धा जिल्ह्यात सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचाही एक गंभीर प्रयोग झाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या विस्मृत अध्यायाविषयी हा धागा.

२/ २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तोद्योग हा गाभा, अशी त्याची चौकट होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने तिला मान्यता दिली.

३/ त्यानंतर हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे दाम्पत्य शांतिनिकेतनातील अनुभव घेऊन वर्ध्यास आले होते. संघाचे काम त्यांनी सेवाग्रामात उभे केले. मात्र योजनेत मूल प्रवेश करी ते सातव्या वर्षी. त्याआधीचा काळ घरावर, म्हणजे व्यवहारात आईवर, सोपवलेला होता.

४/ बालशिक्षण त्या काळी महाराष्ट्र-गुजरातला अपरिचित नव्हते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरात बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्यांच्या विचाराला माँटेसरी पद्धतीचा आधार होता. मात्र त्या पद्धतीची साधने महाग होती आणि बालमंदिरे प्रामुख्याने शहरांत.

५/ २८ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमधील माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात गांधीजींचे भाषण झाले. असे शिक्षण केवळ सुखवस्तू घरांतील मुलांना नव्हे, तर अत्यंत दरिद्री मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी तेथे बोलून दाखवली. पुढच्या काळातील मूळ प्रश्न हाच होता : लाकडी साधनांचा संच नसलेल्या, पोटभर अन्न नसलेल्या खेड्यात बालशिक्षण कशाला म्हणायचे?

६/ १९४२ च्या आंदोलनाने काम खंडित झाले. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील कारावासातून सुटल्यावर गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती वाढवली : शिक्षण गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंतचे असले पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला झालेल्या परिषदेत या विचाराला रूप आले. प्रौढशिक्षण, पूर्वबुनियादी, बुनियादी आणि उत्तरबुनियादी असे चार टप्पे ठरले.

७/ पूर्वबुनियादी म्हणजे सात वर्षांखालील मुलांचे शिक्षण. सेवाग्रामातील या कामाची धुरा शांता नारूळकर यांनी वाहिली. त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात पोषण व शरीराची जोपासना, वैद्यकीय देखरेख, स्वच्छता आणि स्वावलंबन यांना अक्षरओळखीच्या बरोबरीचे नव्हे, तिच्या आधीचे स्थान होते. त्यानंतर भाषा, संख्येची जाण, निसर्गनिरीक्षण, चित्र, संगीत.

८/ हा क्रम सहज ठरलेला नाही. खेड्यातील मूल सातव्या वर्षी शाळेच्या दाराशी येते, तेव्हा खरूज, हिवताप, अपुरे अन्न आणि उपेक्षा यांनी त्याच्यावर आपले काम करून ठेवलेले असते. म्हणून शिक्षिकेला शाळेच्या भिंतीत थांबून चालणार नव्हते. घरापर्यंत जाणे, मातेशी बोलणे हाही तिच्या कामाचाच भाग होता. प्रौढशिक्षण व बालशिक्षण हे एकमेकांना लागून असलेले टप्पे ठरले, ते याच कारणाने.

९/ त्याच सुमारास सरकारी पातळीवरही हालचाल दिसते. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी दहा लाख जागांच्या मोफत शिशुशाळांची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. १९५० च्या राज्यघटनेतील कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न सांगितला. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. व्यवहारात मात्र ती पहिलीच्या वर्गापाशी आखली गेली.

१०/ महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डी येथे, १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती; ती गुरे राखत, धाकटी भावंडे सांभाळत. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रूढ झाला.

११/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, मातांचे आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण : सेवांची ही यादी वाचताना पूर्वबुनियादीचा कार्यक्रम आठवल्यावाचून राहत नाही.

१२/ या क्षेत्रातील जगप्रसिद्ध संशोधन मात्र दुसरीकडे झाले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये पेरी बालशाळेचा अभ्यास सुरू झाला. गरीब घरांतील १२३ मुलांचे चिठ्ठीने दोन गट केले. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ मुलांना नाही. बुद्धिमापनातील आघाडी काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत मागोवा घेतल्यावर शिक्षण, मिळकत आणि गुन्ह्यांचे प्रमाण यांत फरक टिकून असल्याचे आढळले.

१३/ सेवाग्रामला अधिक जवळचा वाटतो तो जमैकातील अभ्यास. १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली गेली. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जाऊन, घरगुती खेळणी घेऊन, आईला बाळाशी खेळण्याचे मार्गदर्शन करी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यांपैकी काहीच नाही. वीस वर्षांनी पाहता, खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. केवळ आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही.

१४/ सेवाग्रामचा हेतू असे मोजमाप करण्याचा नव्हता. एका गटाला वंचित ठेवून दुसऱ्याशी तुलना करणे त्या कार्यकर्त्यांच्या वृत्तीतही बसले नसते. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. धोरणकर्त्यांसमोर ठेवायला पेरीकडे आकडे होते, पूर्वबुनियादीकडे अनुभव होता. इंग्रजी शाळांच्या ओढीपुढे बुनियादी शाळाही मागे पडल्या, आणि त्यांच्याबरोबर हा पहिला टप्पाही विस्मरणात गेला.

१५/ कायद्याची वाटचाल बोलकी आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुले नव्या कलम ४५ मध्ये, म्हणजे न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत ठेवली. २००९ च्या कायद्यात तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’, एवढेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे.

१६/ आणि हे काम करणारी स्त्री? अंगणवाडी सेविका आजही मानसेवी गणली जाते. तिला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. तिला उपदान मिळाले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल देऊन सांगावे लागले.

१७/ सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा भरते. १९४५ मध्ये त्याच भूमीवर शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षाच्या किती तरी आधी मानला गेला होता. आठ दशकांनंतर कायद्यातला आरंभ सहाव्या वर्षी होतो. म्हणजे अंतर कापले गेले ते एका वर्षाचे.