शिळा सण
माझी आजी शेजारच्या मामींना वर्षभर ओट्यावरून हाका मारायची. एक दिवस मात्र नाही. त्या दिवशी मामींचं दार बंद असायचं. अलिबागच्या आमच्या आळीत त्याला 'दारफळणीचा सण' म्हणत. मामी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; त्यांचा हा मोठा उपास, योम किप्पूर. पांढरे कपडे घालून घरातली माणसं अन्नपाण्यावाचून प्रार्थना करत, परक्याशी बोलणंही टाळत. "त्या दिवशी दार वाजवायचं नाही, गप्प बसणं हाच आपला नमस्कार," असं पणजीनं आजीला बजावलेलं होतं.

दुसरा दिवस 'शिळा सण'. दारं उघडत, गरिबांना दानधर्म होई, गाठीभेटी होत. पणजी नारळ घेऊन जायची. मामी तिचे जोडलेले हात आपल्या तळव्यांत धरत आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावत. ही 'हातबोशी' आजीनं मला करून दाखवली होती. तिचे हात खरखरीत होते, हळदीचा वास येणारे.

नावगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं बेने इस्रायल परंपरेनं सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या, दिवस मात्र त्यांनी लक्षात ठेवले. ही माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला, १९३७ मध्ये छापला गेलेला बेने इस्रायलांचा इतिहास वाचताना मला त्यांच्या सणांची नावं भेटली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरडं कोकणच्या चुलीवरचं, रोजा मुसलमान शेजाऱ्यांचा, आणि उपास जेरुसलेमच्या मंदिरासाठी! एका नावात इतके शेजारी नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि त्यानंतर आळी हळूहळू रिकामी होत गेली. मामींची नात, माझी मैत्रीण, तिकडे अश्दोदला गेली. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी तिला फुलांचं चित्र घालून 'सणाच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या. उत्तर आलं नाही. तो बिरड्याचा रोजा होता, मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस. आणि मी त्याच सकाळी बिरड्यासाठी मोड आलेले वाल चिमटीत धरून सोलत बसले होते. आजीला वालांवरून आठवलं असतं. मला आठवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पुढं किप्पूरच्या दिवशी मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी फोन लावला. "काय गं, शिळा सण कसा चाललाय?"

"आजीनंतर हे नाव आज ऐकते आहे," ती म्हणाली. "थांब, लेकीला बोलावते. तिला सांग, दार का फळायचं ते."